कॉलेजातल्या दिव्यांग मुलांसाठी नेमकं काय करता येईल? (रॅम्प सोडून बोलूया)

सुमेधा_प

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी मराठी शिकवते. यंदा आमच्याकडच्या दिव्यांग विद्यार्थी कक्षाचं काम माझ्याकडे आलंय. काम म्हणजे एक फाईल, एक शिक्का आणि स्टाफरूमच्या कपाटातला एक कप्पा. फाईलमध्ये मागच्या नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) भेटीच्या वेळी काढलेले रॅम्पचे रंगीत फोटो आहेत, दर वर्षीच्या ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाचे अहवाल आहेत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाची छायाचित्रं आहेत. मुलांची यादी तेवढी नाही.

म्हणून आधी मुलांना गाठलं. कोणी पूर्ण अंध, कोणी अल्पदृष्टी, एक मुलगी कर्णबधिर, एक जण पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून येतो, आणि दोघंतिघं असे, की ज्यांनी 'मॅडम, वर्गात कुणाला सांगू नका' या अटीवर सांगितलं. त्यांच्या बोलण्यात रॅम्प जवळजवळ आलाच नाही. आली ती परीक्षा. लेखनिकाच्या (मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणाऱ्याच्या) परवानगीसाठी दर सत्राला नवा अर्ज, प्रमाणपत्राची नवी साक्षांकित प्रत, प्राचार्यांची सही, मग तो कागद परीक्षा विभागाकडे. पत्र हातात पडतं ते पेपरच्या आदल्या संध्याकाळी. सहा महिन्यांत मुलाची दृष्टी परत आली की काय, याची खात्री करून घ्यायची असावी.

मला सुचतंय ते असं. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक मुलाशी एकदा निवांत बसून बोलायचं. त्याला काय काय लागेल ते एका पत्रात लिहायचं, प्राचार्यांची सही घ्यायची आणि तेच पत्र पदवी मिळेपर्यंत चालवायचं. मुलाने टेबलं फिरायची नाहीत, पत्राने फिरायचं. असं कुठे चालतं का? नियमात बसतं का? पत्रात काय लिहावं?

आणि एक विनंती, प्रेरणादायी गोष्टी नकोत. प्रांजल पाटील यांचं उदाहरण आमच्या प्रत्येक कार्यक्रमात निघतं. दृष्टी नसताना उल्हासनगरची ही मुलगी २०१६ च्या परीक्षेत देशात १२४ वी आली, आयएएस झाली. कौतुक आहेच. पण त्याच्या आदल्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही अंधत्वामुळे रेल्वेच्या सेवेत त्यांना घेतलं गेलं नव्हतं, हा भाग भाषणात कुणी सांगत नाही.

ठिपक्यांची_लिपी

धाग्यासाठी आभार. मी जन्मांध, बी.ए. अर्थशास्त्र, सध्या एका बँकेत. पेपरच्या आदल्या संध्याकाळचं पत्र मीही अनुभवलंय, तेव्हा त्यावर वेगळं लिहीत नाही. लेखनिकाबद्दल लिहितो, कारण डोळस लोकांना वाटतं की लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं.

केंद्र सरकारची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला, तर तो त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा. म्हणजे माझ्या पदवीच्या पेपरला बारावीपर्यंतचा. आता अर्थशास्त्राच्या पेपरात 'समवृत्ती वक्र' आला, की त्या बिचाऱ्या मुलाला शब्दच नवा. एकेक अक्षर सांगायचं, त्याने लिहिलेलं परत वाचून घ्यायचं, आणि माझ्या डोक्यात चाललेला युक्तिवाद तोवर विझून गेलेला असतो. शिवाय लेखनिक शोधायचा कुणी? तर मी. अकरावी-बारावीच्या मुलांची स्वतःची परीक्षा त्याच सुमारास. एक पोरगा पेपरच्या दिवशी आलाच नाही, त्याच्या आईने फोनवर सांगितलं की त्याला ताप आलाय.

त्याच तत्त्वांमध्ये बाकी काय आहे ते तुमच्या परीक्षा विभागाला दाखवा. दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक घेतला नाही तरीही. वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळे लेखनिक चालतात. आयत्या वेळी लेखनिक बदलायची मुभा आहे. संस्थेने लेखनिक दिला, तर त्याला दोन दिवस आधी भेटता यायला हवं. शक्यतो तळमजल्यावर बैठक. ब्रेल, मोठा टाईप, संगणक किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करणं, यातलं काय हवं ते विद्यार्थ्याने निवडायचं. संगणक घेतला, तर एक दिवस आधी तो तपासून बघता यायला हवा.

शेवटच्या दोन गोष्टी जवळपास कुणाला ठाऊक नसतात. मला स्वतःला लेखनिकापेक्षा लॅपटॉप केव्हाही बरा वाटला असता. तीन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

टवाळ_पाखरू

वाचनखूण साठवली. बाकी रॅम्पचे फोटो रंगीत आहेत हे वाचून डोळे पाणावले.

काळा_कोट

सुमेधाताई, नियमात बसतं का हे विचारलंत म्हणून थोडं कायद्याचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, आता २१ आहेत. कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव, वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट. यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेकांचा कायदा इथेच संपतो.

तुमच्या कामाचं आहे ते व्याख्यांच्या कलमात. तिथे 'वाजवी सोय' नाकारणं हाच भेदभाव मानलाय. म्हणजे तुमच्या पत्रात लिहिलेली सोय ही प्राचार्यांची मेहेरबानी नाही. आणि ती सोय ४० टक्क्यांना बांधलेली नाही. ११ फेब्रुवारी २०२१ चा 'विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळवून वाचा. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ठरावीक टक्क्यांत बसत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, की आरक्षणाची अट सोयीला लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठीही वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

२०२१ च्याच नोव्हेंबरात 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण झालं. तिचा जादा तास केंद्रावरच्या लोकांनी दिला नाही, उत्तरपत्रिका काढून घेतली. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला केंद्राकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या विद्यापीठाने 'ते कॉलेजने बघायचं' असं म्हटलं, तर हा निकाल पुढे करा.

पदवीभराचं एकच पत्र काढायला कायद्याची आडकाठी मला तरी दिसत नाही. दर सत्राला नवा अर्ज मागणं हे परिपत्रकाने सुरू झालेलं असतं, परिपत्रकानेच बंद होतं.

उंडगा_मास्तर

सगळं छान आहे, पण दुसरी बाजूही बघा. मी तेवीस वर्षं शिकवतोय, केंद्रप्रमुख म्हणून परीक्षा घेतल्यात. लेखनिक म्हणून आलेला मुलगाच पेपर सोडवतोय आणि परीक्षार्थी खिडकीबाहेर बघतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या तर वर्तमानपत्रांत येतातच. पदवीभराचं पत्र एकदा दिलं, की तपासणीची संधीच गेली. दर सत्राला कागद बघण्यात गैर काय?

ठिपक्यांची_लिपी

मास्तर, खोटं प्रमाणपत्र पकडायचं असेल तर ते देणाऱ्या रुग्णालयात पकडा. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो, तोही प्रवेशाच्या वेळी एकदा. दर सत्राला माझ्याकडून साक्षांकित प्रत घेऊन तुमचा कारकून काय तपासत होता? तो शिक्का तपासायचा. खोटं कार्ड असलेल्याला शिक्का मिळवणं जड जात नाही. जड मला जातं, कारण साक्षांकन करणाऱ्या साहेबांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असतं.

लेखनिकाने पेपर सोडवण्याचं म्हणाल, तर तसं होतं, खोटं कशाला बोलू. पण म्हणूनच लॅपटॉप द्या म्हणतोय. इंटरनेट बंद, शेजारी पर्यवेक्षक, मी टाईप करतो. फसवणुकीला जागाच उरत नाही.

उंडगा_मास्तर

लॅपटॉपचा मुद्दा मान्य. पण तालुक्याच्या केंद्रावर वीज गेली की?

ठिपक्यांची_लिपी

बॅटरी असते हो मास्तर त्याला. तीन तासांचा पेपर, चार तास वेळ. जुन्या लॅपटॉपची बॅटरी एवढी टिकणार नाही हे खरं, मग इन्व्हर्टर असलेली खोली द्या. कॉलेजच्या ऑफिसात असतोच.

मऊभात

माझा मुलगा अध्ययन अक्षमतेचा, दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं दुखणं जरा वेगळं आहे, म्हणून लिहिते.

शाळेत सगळं सुरळीत होतं. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती मिळाल्या, जादा वेळ मिळाला, शाळेतल्या बाईंना समजही होती. अठरा पूर्ण झाली आणि प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी आली. सरकारी रुग्णालयातल्या त्या विभागाची तारीख लांबची. तोवर पहिलं सत्र संपलं. कॉलेजच्या लिपिकाने त्याला नीट बघितलं आणि म्हणाला, 'तुला तर काहीच झालेलं दिसत नाही.' तेव्हापासून तो अर्जच करत नाही. जादा वेळ न घेता पेपर देतो, अर्धा सोडून येतो.

त्याला तोंडी विचारा, वर्गातल्या कुणाहून कमी नाही. लिहायला बसला, की ओळी एकमेकीत जातात. अंतर्गत गुणांच्या चाचण्या तरी तोंडी घेता आल्या असत्या. एका सरांनी स्वतःहून घेतल्या, त्या विषयात त्याला चांगले गुण आहेत. बाकीच्यांनी 'नियमात नाही' म्हणून सांगितलं. त्या सरांनी तरी कुठला नियम बघितला होता?

सुमेधाताई, तुमच्या पत्रात एक ओळ नक्की घाला, की प्रमाणपत्राचं नूतनीकरण चालू असताना आधीच्या सोयी चालू राहतील.

सुमेधा_प

मऊभात, ही ओळ घालतेच. अंतर्गत मूल्यमापनाचं स्वरूप आमच्याकडे बरंचसं विषय शिक्षकाच्या हातात असतं, त्यामुळे तोंडी चाचणी घ्यायला आडकाठी नसावी. आमच्या विभागापुरतं मी हे बोलून घेते.

पांथस्थ

अमेरिकेत मास्टर्स करताना मी एका प्राध्यापकांचा टीए (शिकवण्यातला मदतनीस) होतो, तेव्हा या पत्राची दुसरी बाजू पाहिलीय. इथे १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा एडीए हा अपंगत्वविषयक कायदा, यांच्यामुळे बहुतेक विद्यापीठांत या कामासाठी वेगळं कार्यालय असतं. विद्यार्थी कागदपत्रं फक्त त्या कार्यालयाला दाखवतो. सत्र सुरू झालं की कार्यालयाकडून प्राध्यापकांना पत्र येतं: या विद्यार्थ्याला दीडपट वेळ द्या, वेगळ्या खोलीत बसवा, व्याख्यानाच्या स्लाइड आधी पाठवा. बस्स. विद्यार्थ्याला नेमकं काय झालंय हे पत्रात नसतं आणि प्राध्यापकाने विचारायचंही नसतं. मी एका मुलाचे पेपर वर्षभर वेगळ्या खोलीत घेतले, त्याला काय त्रास होता ते मला आजही माहीत नाही.

तुमच्या त्या 'वर्गात सांगू नका' म्हणणाऱ्या मुलांसाठी हे उपयोगी पडेल. पत्रात सोय लिहा, आजार लिहू नका.

अवांतर: इथेही सगळं गोड नाही. अध्ययन अक्षमतेची खासगी तपासणी करून घ्यायचा खर्च ऐकाल तर चक्कर येईल. विमा बहुतेक वेळा तो देत नाही.

वैनगंगा

पांथस्थ, अगदी हेच लिहायला आले होते. मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे सिकलसेलची मुलं पुष्कळ. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तिन्ही रक्तविकार २०१६ च्या कायद्यातल्या २१ मध्ये आहेत, हे आमच्या कॉलेजात ना मुलांना माहीत, ना शिक्षकांना. मुलगी दिसायला धडधाकट. थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर वेदनांचा झटका आला, की चार-आठ दिवस अंथरुणात. मग ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. दवाखान्याचा कागद दाखवला तर म्हणतात, दर महिन्याला कशी आजारी पडतेस?

या मुलींना लेखनिक नको, रॅम्प नको. हजेरीत सूट, बुडलेल्या चाचणीची दुसरी तारीख, तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग असेल तर तो खाली, आणि तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवायची परवानगी. हो, परवानगी लागते. परीक्षेत बाटली बाहेर ठेवायला लावलेली मी पाहिलीय.

आश्रमशाळेतून आलेल्या पोरी आहेत या, भांडायला उभ्या राहत नाहीत. 'राहू द्या मॅडम' म्हणतात आणि वर्ष सोडतात.

गवंडी

धाग्याच्या नावात रॅम्प सोडून बोला म्हटलंय, पण स्थापत्य अभियंता असल्यामुळे राहवत नाही. थोडक्यात आटोपतो.

उताराचं प्रमाण १:१२ लागतं. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आपल्या जुन्या कॉलेजांची जोती तीन-तीन फूट उंच, म्हणजे ३६ फूट रॅम्प, शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत मावेल तेवढा उतार ठेकेदार करून देतो. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही, पण प्राध्यापकांच्या मोटारसायकली छान चढतात. आणि रॅम्प चढून गेलं की दार अडीच फुटांचं. ते ९०० मिलिमीटर मोकळं हवं.

दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत. नॅकचा सातवा निकष यातलं काहीच तपासत नाही, फोटो तपासतो.

खर्च नको असेल तर एकच करा, वेळापत्रक बदला. ज्या वर्गात चालायला त्रास असलेला विद्यार्थी आहे, त्या वर्गाची सगळी व्याख्यानं तळमजल्यावर. लिफ्ट मंजूर होईपर्यंत तो पदवीधर होऊन गेलेला असतो.

सुमेधा_प

तळमजल्याचं पटलं. वेळापत्रक समितीत मीच आहे, त्यामुळे हे पुढच्या सत्रापासून होऊ शकतं. भांडण होईल ते तळमजल्यावरच्या दोन चांगल्या खोल्या वाणिज्यवाल्यांकडून काढून घेताना.

आमच्या कॅलिपरवाल्या मुलाचा मोठा त्रास मात्र कॉलेजच्या बाहेर आहे. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी केवढी उंच! त्याचा पहिला तास निम्मा जातो, कारण गर्दीची बस तो सोडून देतो. यावर हजेरीत सूट देण्यापलीकडे माझ्या हातात काही दिसत नाही.

ओठवाचक

मी कर्णबधिर, बी.कॉम. झालोय. कानाला मशीन आहे, तरी निम्मं ओठांवरून समजतं. सगळे अंध आणि अस्थिव्यंग मुलांबद्दल लिहितायत, म्हणून माझे दोन पैसे.

सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेवढा भाग माझ्यासाठी कोरा. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले की चेहऱ्यावर अंधार, तेही गेलं. मुलं मागून प्रश्न विचारतात, सर उत्तर देतात. मला फक्त उत्तर दिसतं, प्रश्न नाही. सरांनी प्रश्न एकदा परत म्हटला तर पुरे होतं. याला अनुदान लागत नाही. पण तोंडी सांगून आठवडाभर टिकतं, पत्रात लिहिलं तर कदाचित वर्षभर टिकेल.

सांकेतिक भाषेचे दुभाषक शहरातच मुश्किलीने मिळतात, तालुक्याला विसरा. मी फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरलं, मराठीत चालतं. पहिल्या बाकावर फोन ठेवला की बोललेलं पडद्यावर उमटतं. 'घसारा'चं काय वाटेल ते करतं, पण संदर्भाने कळतं. अडचण एकच, आमच्याकडे वर्गात मोबाईलबंदी होती. पहिल्या दिवशी जप्त झाला.

आणि तोंडी परीक्षा! मऊभात यांच्या मुलाला तोंडी हवी, मला तोंडी नको. तेव्हा 'दिव्यांगांसाठी तोंडी परीक्षा' असा सरसकट नियम कृपया कुणी करू नका.

मऊभात

खरंय तुमचं.

काळा_कोट

+१. म्हणूनच पत्र मुलागणिक वेगळं हवं.

मागे एक राहिलं. कुणी विचारेल की विनाअनुदानित कॉलेजांचं काय. ५ टक्के आरक्षणाचं कलम त्यांना लागू नाही, आणि महाराष्ट्रातली अभियांत्रिकीची बहुतेक कॉलेजं विनाअनुदानित आहेत. पण कलम १६ सरकारने अनुदान दिलेल्या 'किंवा मान्यता दिलेल्या' संस्थांबद्दल बोलतं. मान्यता तर सगळ्यांनाच लागते. त्यामुळे प्रवेशाचं जाऊ द्या, पण आत आलेल्या मुलाच्या सोयींबद्दल 'आम्ही खासगी आहोत' हे उत्तर चालत नाही.

दाद मागायची तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, नंतर ५०,००० ते ५ लाख. लेखी अर्जावर 'प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त' एवढी एक ओळ टाकली तरी फाईल हलते, हा माझ्या पक्षकारांचा अनुभव.

उंडगा_मास्तर

प्रत माहितीसाठी! हे मात्र शंभर टक्के चालतं, सरकारी माणूस म्हणून सांगतो.

एक शंका. एवढं सगळं आपण बोलतोय, ते नक्की किती मुलांसाठी? माझ्या वर्गात गेल्या पाच वर्षांत दोन दिव्यांग मुलं आली असतील.

वैनगंगा

मास्तर, तोच तर प्रश्न आहे ना. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशभरात ७९,०३५ दिव्यांग विद्यार्थी होते. त्याच्या आदल्या वर्षी ९२,८३१. एकूण विद्यार्थी चार कोटींच्या वर, म्हणजे हजारी दोनसुद्धा भरत नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत दिव्यांग २.२१ टक्के होते, तेही जुन्या कमी प्रकारांवर मोजलेले. तुमच्या वर्गात मुलं आली नाहीत याची दोन कारणं असू शकतात: बारावीपर्यंतच गळाली, किंवा आली पण सांगितलं नाही. माझ्या सिकलसेलच्या पोरी कुठल्याच आकड्यात नसतील.

टवाळ_पाखरू

तिसरंही कारण असू शकतं. कॉलेजने सर्वेक्षणाचा तो रकाना शून्य भरून पुढे ढकलला. आमच्या ऑफिसात एका दुपारी सगळे रकाने भरले जातात. (मी तिथेच असतो, म्हणून नाव टवाळ.)

सुमेधा_प

टवाळ_पाखरू, हे बहुधा आमच्याकडेही झालंय. यादीच नव्हती, तर आकडा आला कुठून?

असो. पत्राचा मसुदा करतेय. पानभराचाच ठेवणार. वर यूडीआयडी पडताळल्याची नोंद, खाली वर्गात काय, अंतर्गत परीक्षेत काय, विद्यापीठाच्या परीक्षेत काय. आजाराचं नाव नाही. पदवी पूर्ण होईपर्यंत वैध, आणि विद्यार्थ्याला हवं तेव्हा बदलता येईल. लेखनिकासाठी आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातली अकरावीची मुलं एनएसएसमधून तयार करायचा विचार आहे, म्हणजे शोधण्याचं काम विद्यार्थ्यावर पडणार नाही. विद्यापीठाने दर सत्राचा अर्ज मागितलाच, तर तो या पत्रावरून कक्षच भरून पाठवेल. विद्यापीठ बदलेल तेव्हा बदलेल, तोवर निदान मुलांची पायपीट तरी थांबेल.

आता माझ्या स्वतःच्या विषयाचा प्रश्न. अंध मुलांना मराठीच्या नोट्स कशा द्यायच्या? माझ्याकडे सगळं टाईप केलेलं आहे, पण मुलगा म्हणतो की मोबाईल भलतंच वाचतो.

ठिपक्यांची_लिपी

कृतिदेव किंवा श्रीलिपीत असणार. हे जुने फाँट युनिकोड नाहीत. तुम्हाला पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, पण फाईलच्या आत रोमन अक्षरं असतात. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) तीच वाचतो: 'ई जी के जे के...'. विद्यापीठांची कित्येक परिपत्रकं अशीच असतात, नाहीतर शिक्का मारून स्कॅन केलेली, म्हणजे माझ्या लेखी कोरं पान. दिव्यांगांच्या सवलतींचं परिपत्रकसुद्धा मी एकदा शेजाऱ्याकडून वाचून घेतलंय.

फाँट बदलून देणारी कन्व्हर्टर फुकट मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला, तिथे गडबड होते. स्कॅन केलेली पुस्तकं गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्स म्हणून उघडली, की मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. छापील पान स्वच्छ असेल तर फार दुरुस्ती लागत नाही.

कॉलेजच्या संगणकावर एनव्हीडीए टाकून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला स्क्रीन रीडर, पूर्ण मोफत, मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण सवय झाली की आम्ही तो इतका वेगात ऐकतो की तुम्हाला शब्द कळणार नाही.

सुमेधा_प

पुस्तकं स्कॅन करून मुलांना दिली तर प्रकाशक भांडणार नाहीत ना?

काळा_कोट

नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ५२ मध्ये यासाठी स्पष्ट मुभा आहे. दिव्यांग विद्यार्थ्याला वाचता येईल अशा रूपात प्रत करून शिक्षणासाठी देता येते, नफा मिळवायचा नाही एवढीच अट. याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. फाईल सगळ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका, मुभा फक्त दिव्यांग विद्यार्थ्यांपुरती आहे.

ठिपक्यांची_लिपी

सुगम्य पुस्तकालयावरही बघा. अंध वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, विद्यार्थ्याला सभासद करून घ्या. मराठीतली क्रमिक आणि संदर्भ पुस्तकं तिथे मला हवी तेवढी सापडली नाहीत, त्यामुळे तुमचं स्कॅनिंग चुकत नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र चालतं, त्यांच्याशी बोललात तर बरंच तयार ज्ञान मिळेल.

आणि तुमच्या नोट्सची एक फाईल मला विपूतून (विचारपूस, म्हणजे इथल्या निरोपातून) पाठवा. वाचून कुठे अडतं ते सांगतो.

सुमेधा_प

पाठवली. काव्यशास्त्राची आहे, त्यात वृत्तांचे तक्ते आहेत. लघु-गुरूच्या खुणा कशा वाचल्या जातील याची धास्ती आहे.

ठिपक्यांची_लिपी

वाचली. मजकूर स्वच्छ आलाय. अडलं तिथे सांगतो. तक्ते तुम्ही चित्र म्हणून चिकटवलेत, ते दिसत नाहीत. वर्डमधला साधा टेबल करा, मग एकेका चौकटीतून फिरता येतं. लघु-गुरूच्या खुणा यंत्र गाळून टाकतं, त्याऐवजी 'ल' आणि 'गा' लिहा, गण म्हणून दाखवताना तसंच म्हणतात ना. प्रकरणांची नावं नुसती ठळक केलीत, त्यांना हेडिंगची स्टाईल द्या, म्हणजे एका कळीने पुढच्या प्रकरणावर उडी मारता येते. नाहीतर 'भुजंगप्रयात' शोधायला पहिल्या पानापासून ऐकत यावं लागतं. आणि पान ११ वर 'वरील आकृती पाहा' असं आहे. तिथे आकृतीत काय आहे ते दोन ओळीत लिहा.

सुमेधा_प

पान ११ लगेच करते. टेबलांना रविवार लागेल.